भिंगरीची पट्टी

अठरा वर्षं बाईंनी शाळेच्या टोकाच्या खोलीत विशेष मुलांना शिकवलं. मुख्याध्यापिका झाल्यावर पहिलं काम केलं ते त्या खोलीला कुलूप लावायचं. तिथली सगळी मुलं आता इतर मुलांबरोबर नेहमीच्या वर्गांत. पण पायांना कोण समजावणार? रोज सकाळी बाई आपल्या त्याच कुलपापुढे जाऊन उभ्या! शिपाईमामा गालातल्या गालात हसायचे.

चौथ्या दिवशी तिथे त्याच खोलीत शिकलेली भिंगरी आली. पहिल्या दिवशी नव्या वर्गाच्या दारात भेदरून रडलेल्या या पोरीला बाईंनी चित्रांची पट्टी करून दिली होती: दप्तर, फळा, डबा, घर. पुढचं चित्र बघायचं आणि निघायचं.

भिंगरीने बाईंच्या हातात स्वतः काढलेली पट्टी ठेवली. तिच्यावर एकच चित्र होतं: भलीमोठी खुर्ची आणि खुर्चीत बाईंचा चष्मा.

"अगं, माहितीये मला माझं ऑफिस."

भिंगरीने ऐकलं नाही. बोट धरून तिने बाईंना ऑफिसच्या दाराशी नेलं आणि नव्या वर्गाच्या दारात बाई तिला जे म्हणाल्या होत्या, तेच शब्दन्‌शब्द म्हणाली,

"दारापर्यंत मी. आत तू एकटीने जायचं. रडू आलं, तर मधल्या सुट्टीत मला शोधायचं."