उतारावरचा बंगला

कुवेतमधल्या अल-राईच्या गॅरेजमधून सुदेश खोलीवर आला, तेव्हा त्याच्याच गावचा बदरुद्दीन फोन हातात घेऊन बसला होता.

"गावात ग्रामसभा झाली," तो म्हणाला. "डोंगरावरचं रान आणि खालची भातशेती पंचायतीने राखून ठेवली. आता तिथे कुणालाच बांधकाम करता येणार नाही."

सुदेशचं डोकं फिरलं. त्याच डोंगराच्या उतारावर, स्वतःच्या जागेत, त्याला बंगला बांधायचा होता. त्या बंगल्यासाठी तो इतकी वर्षं कुवेतच्या उन्हात गाड्यांखाली आडवा होत आला होता. हातपायही न धुता त्याने बायकोला फोन लावला.

"अक्षदा, हा ठराव आणला कुणी? मला नाव सांग. रजेवर आलो की पहिला त्याच्या दारात जातो."

"दुसऱ्याच्या दारात कशाला जाता? मीच मांडला."

सुदेश ओरडला, "अगं, मी बंगला कुणासाठी बांधत होतो?"

"तेच विचारायचंय मला." आता अक्षदाचाही आवाज चढला. "पलीकडच्या वाडीने प्लॉट पाडायला डोंगर कापला, तेव्हापासून त्यांची विहीर शिमग्यालाच आटते. बायका हंडे घेऊन आपल्या झऱ्यावर येतात. तुम्ही दोन वर्षांनी महिनाभर येणार आणि गॅलरीत बसून चहा पिणार. बाकीचे दिवस त्या बंगल्यावर पाणी कोण चढवणार होतं?"