दरवर्षी एकदा

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिरस्त्याप्रमाणे सासूला बाहेर बसवलं आणि सुनेच्या हातात लघवीसाठी बाटली दिली. “लैंगिक संसर्गाची तपासणी. पंचविशीच्या आतल्या प्रत्येकीची, दरवर्षी एकदा.” सून पुटपुटली, “मागच्या वर्षी केली होती. आता लग्न झालंय माझं.” “जंतू लग्नपत्रिका वाचत नाहीत, बाळा. दुखत नाही, खुपत नाही आणि पुढे मूलच होत नाही.” “पण हा नवऱ्यावर संशयच झाला. सासूबाईंना कळलं तर घरात ठेवणार नाहीत.” दिवसभर हेच ऐकून बाई थकल्या होत्या. त्यांनी फक्त स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं. वाटेतल्या बाकावर सासू होतीच. “कसली तपासणी गं?” खोटं सुचेना, तेव्हा सुनेनं खालमानेनं खरं सांगून टाकलं. सासूनं सुनेची पर्स स्वतःकडे घेतली. “जा, करून ये. माझी कुणी वेळेवर केली असती, तर तुझ्या नवऱ्याला भावंडं असती.”