हनुवटीवरचं बोट

चारुशीलाची मान आपोआप डाव्या खांद्याकडे वळायची. हनुवटीला बोट टेकवलं, की तेवढा वेळ सरळ राहायची. शहरातले डॉक्टर म्हणाले होते, "अमेरिकेत यावर विषाचं इंजेक्शन देऊन पाहून राहिले. आपल्याकडे यायचं आहे अजून."

आज मौद्याचे पाहुणे तिला बघायला आले होते. मान वळलेली दिसली तर सोयरीक मोडणार, म्हणून चहाचा ट्रे आईनेच आणला आणि चारुशीला जीव मुठीत धरून, हनुवटीला बोट लावून बसली.

मुलाची आई कौतुकाने म्हणाली, "केवढी लाजते वं. पसंत आहे आम्हाले पोरगी."

चारुशीलाचा अडकलेला श्वास सुटला.

तेवढ्यात मुलाची आई पिशवीतून नारळ काढत उठली. "ये वं बाई, ओटी भरते. दोन्ही हातांनी पदर पसर."