बुडबुड्यांवर नजर

"सिलिंडर पूर्ण उघडलास ना?" बाबांनी विचारलं.

"हो की," मुलगी म्हणाली.

"मग नळीतून दोन श्वास घे. काट्याकडे बघ."

तिने श्वास घेतला. दर श्वासाला हवेचा काटा खाली झुकून परत वर आला. बाबांनी तिच्या पाठीमागे हात घातला आणि अर्धवट बंद राहिलेला कॉक उघडला.

"इथे तलावात चाललं असतं. खोल समुद्रात हवाच पुरली नसती. इतकी वर्षं शिकवलं, पालथ्या घड्यावर पाणी!"

मुलगी ओशाळल्यासारखी हसली.

पाणबुड्यांच्या त्या शाळेची मालकीण काठावर स्टूल टाकून चहा पीत होती. आज परीक्षा होती. पास झालं तर सोमवारी नव्या विद्यार्थ्यांची बोट घेऊन समुद्रात जायचं. नाही तर किनाऱ्यावर बसून सिलिंडरमध्ये हवा भरायची, तीही कायमची. बाप-लेकीचं नातं आज फाटकाबाहेर ठेवा, असं तिने दोघांनाही बजावलं होतं.

घरून निघताना आईनेही आपलं मत सांगून टाकलं होतं. "नापास झालं तर मी रडणार नाही बरं का. घरातलं एक माणूस तरी कोरडं राहील."

दोघांचा जीव पाण्यात आणि आईचा टांगणीला, हे त्या घरात वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

बाबा मुलीभोवती फेरी मारून आले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत वाकले.

"हा वजनांचा पट्टा जाकिटाच्या पट्ट्याखाली कसा? वेळ आली तर एका हाताने सुटून पडला पाहिजे. शिसं कमरेला बांधून तळाशी संसार थाटायचाय का?"

"चुकलं, बाबा."

"इथे बाबा नाही."

"चुकलं, सर."

मालकिणीने हसू चहात लपवलं.

दोघं पाण्यात उतरली. तळाशी गुडघे टेकून बाबांनी एकेक खूण केली आणि मुलीने सगळं व्यवस्थित करून दाखवलं. मग त्यांनी अंगठा वर केला. आता वर जायचं.

निघता निघता तिचा मास्क सुटला आणि गिरक्या घेत तळाकडे गेला. कुणीही त्याच्यामागे झेपावलं असतं. बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. बुडबुडे थांबले होते.

वर येताना श्वास रोखला की छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. पाणबुड्याला सगळ्यात आधी हेच शिकवतात आणि घाबरलेला माणूस सगळ्यात आधी हेच विसरतो.

ती वीतभर वर गेली नसेल, तोच बाबांनी तिचं जाकीट घट्ट धरलं. दुसरा हात स्वतःच्या तोंडासमोर नेऊन फुंकर घातल्याची खूण केली. लहानपणी तिचं गरम दूध निवावं म्हणून ते अशीच फुंकर घालायचे. मुलगी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडातून बुडबुडे सुटले. बाबांनी तिला सावकाश वर आणलं. पकड मात्र काठाला लागेपर्यंत सोडली नाही.

शिडी चढून आल्यावर ते दम खात उभे राहिले. मुलीचे डोळे लाल झाले होते. पाण्याने असतील.

मालकिणीने कप खाली ठेवला. "मग? पास की नापास?"

बाबा टॉवेलने तोंड पुसत राहिले, पुसून झालं तरी.

"दोन चुका तुम्ही मुद्दाम करायला सांगितलेल्या, तिसरी मी आईसाठी म्हणून घातली होती," मुलगी मालकिणीला म्हणाली. "तीही पकडली. पास! सोमवारची बोट बाबांनाच द्या."