नेलपेंट

"जांभळं एकटीच खाल्लीस होय काकू?" मी हसत विचारलं. हौसाकाकूचे ओठ पार जांभळे पडले होते.

"थंडीत कुठली गं जांभळं?" म्हणत ती पोत्यावरच टेकली. "डोकं गरगरतंय बघ. उद्या पोरीची हळद, तीन दिवस झोप नाही."

माझं हसू जिरलं. तापाची, अंगदुखीची गोळी जिच्यापासून बनते, ती पावडर आम्ही कंपनीत पोत्यातून मशीनमध्ये ओततो. ती अंगात गेली की रक्त बिघडतं, नखं निळी पडतात. म्हणून सुपरवायझर रोज सकाळी आमची नखं बघतो. आज काकूची रंगवलेली नखं बघून तो नुसता म्हणाला, "लग्नघर दिसतंय," आणि त्यानं तिला आत सोडलं.

"हात दे इकडं," मी म्हणाले.

"अगं, खराब करशील. उद्या फोटो काढायचेत."

मी कुठली ऐकतेय. तिचा हातमोजा ओढून काढला आणि चावीनं अंगठ्यावरचं नेलपेंट खरवडलं. खालचं नख पाटीसारखं काळंनिळं झालेलं. मी ओरडतच कंपनीच्या दवाखान्याकडं पळाले.

नर्सबाई ऑक्सिजन घेऊन आल्या, ॲम्ब्युलन्स बोलावली. काकूच्या तोंडावर मास्क लावता लावता त्यांनी आमच्याकडं बघितलं. "अजून कुणी नखं रंगवलीत?"

मी हातमोजे काढले. माझ्यामागं उभ्या चौघींनीही काढले. काल जेवणाच्या सुट्टीत काकूनं आम्हा सगळ्यांना पुढ्यात बसवून नेलपेंट लावलं होतं.

पन्नास नखं, सगळी लालभडक.