लाल कार्ड

चौथीतल्या त्या पोरीला अख्खी शाळा 'तोफ' म्हणायची. राग आला की हाताला लागेल तो कागद ती टराटरा फाडायची. शेवटी समुपदेशक बाईंनी तिला एक लाल कार्ड दिलं. "डोकं तापलं की हे टेबलावर ठेवायचं आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन बसायचं. कुणी काही विचारणार नाही." त्यानंतर महिनाभर तोफेने एक कपटासुद्धा फाडला नाही.

"सुधारणा झाली, तर ती फाइलीत दिसायला हवी," म्हणून मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "घरी लाड तुम्ही करायचे आणि निस्तरायचं आम्ही!" आईचा पारा चढला. "वर्गात तुम्ही दिवसभर खेकसता, तेच शिकते ती!" मुख्याध्यापकांनी टेबलावर मूठ आपटली. "आवाज खाली!" ते असे काही ओरडले की दाराबाहेर पेंगणारा शिपाई ताडकन उभा राहिला. मग तिघंही एकदमच बोलू लागली.

स्टुलावर बसलेल्या तोफेने खिशातून कार्ड काढलं. माणसं तीन आणि कार्ड एकच. तिने नीट घड्या घालून त्याचे तीन सारखे तुकडे केले आणि प्रत्येकापुढे एकेक ठेवला.

"पाच मिनिटं बाहेर बसून या," ती हळूच म्हणाली. "कुणी काही विचारणार नाही."

 

मुख्याध्यापकांनी तिची फाइल पुढे ओढली आणि लिहिलं, 'सुधारणा नाही. आज पुन्हा फाडाफाडी.'