नाल्यापाशी तापणारी जीप

नाला ओलांडला आणि जीपमधला गरमीचा काटा झर्रकन लालवर गेला.

"बघा! रोजचं हेच," मागच्या बाकावरून तात्याराव ओरडले. "नेमकी हितंच तापती ही गाडी."

सितारामनं जीप कडेला घेतली. समोर बौद्धवाडा होता. विद्यापीठाच्या नावावरून त्या पावसाळ्यात मराठवाडा पेटला, तेव्हा इथलीही घरं जळाली होती. आग विझली, पण बहिष्कार चालूच होता. गावातला दुकानदार वाड्याला माल देत नव्हता. गिरणी दळण घेत नव्हती. ठराव तात्यारावांनी मांडला होता, आणि जीपचे मालक दिनकरराव यांनीही त्याला हात वर केला होता.

अशा माणसाची जीप मानवतहून येताना रोज वाड्यापाशी थांबते, हे तात्यारावांना खुपत होतं. ड्रायव्हर सिताराम म्हणायचा, इंजन तापतं. म्हणून आज त्यांनी मानवतच्या बाजारातूनच मन्मथअप्पांना जीपमध्ये बसवून आणलं होतं. अप्पा गाड्यांची वायरिंग करायचे. बिघाडाबद्दल ते खोटं बोलत नाहीत, असं सगळा तालुका सांगायचा.

"सोक्षमोक्ष लावा, अप्पा," ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून उतरत दिनकरराव करड्या आवाजात म्हणाले. "गडी लबाड निघाला तर मी त्याला सोडणार न्हाई."

सितारामनं बॉनेट उघडलं. अप्पांनी रेडिएटरवर तळवा ठेवला. कोमट. जपून झाकण फिरवलं. वाफ नाही. पाणी काठोकाठ.

"इंजन तापलंच न्हाई," ते बोलून गेले.

"म्हंजे हा खोटं बोलायलाय!" तात्यारावांनी सितारामचं मनगट धरलं.

"थांबा. आजून बघू द्या मला."

इंजिनातल्या पाण्याची गरमी काट्याला कळवायला एक पितळी सेंडर असतो. अप्पांनी त्याची वायर उपसली. काटा खाली यायला हवा होता. आला नाही. म्हणजे ती वायर वाटेत कुठंतरी पत्र्याला टेकत होती. ते ड्रायव्हरच्या बाजूनं आत वाकले आणि वायर चाचपत सीटखाली पोचले. तिथं तिला दुसरी वायर पिळून जोडलेली होती. तिच्या टोकाला घरातल्या दिव्याला असतं तसलं बटण. ते चालू केलं की वायर पत्र्याला टेकायची आणि काटा लालवर जायचा. आता बटण चालू होतं.

हात आणखी पुढं गेला तो एका पिशवीवर. पिशवी ऊन होती. बोटं बाहेर काढली तर पांढरी. मानवतच्या गिरणीतून नुकतंच दळून आणलेलं ज्वारीचं पीठ.

अप्पा तसेच वाकून राहिले. मान वळवली तर सिताराम त्यांच्याकडेच बघत होता.

"काय सापडलं?" तात्याराव पुढं सरसावले.

"त्यांचा उजेड अडवू नका," दिनकररावांनी त्यांना खांद्याला धरून मागं घेतलं. "काम करू द्या."

तेवढ्यात वाड्यातून धुरपताबाई घागर घेऊन आली. तात्यारावांना बघून थबकली, पण मागं फिरली नाही.

"गाडीला पानी आनलंय," ती म्हणाली.

अप्पांनी बोटं तेलकट फडक्याला पुसली. असलेला बिघाड त्यांनी कधी लपवला नव्हता, नसलेला कधी सांगितला नव्हता.

"सेंडर गेलाय," ते म्हणाले. "नाल्यातल्या दगडांवर गाडी आदळती, आन् काटा खोटं बोलाय लागतो. गडी न्हाई बोलत."

तात्याराव बोलण्यात हार जाणारे नव्हते. "काटा खोटा हाय, तर मग थांबायचं कशाला?"

"ज्या दिवशी इंजन खरंच तापंल, त्या दिवशीबी काटा असाच दिसंल. थांबून हात लावल्याबिगर कसं कळायचं? न्हाई थांबला तर एखांद्या दिवशी इंजन जाम हुईल."

"मग नवा टाका."

"हितं मिळत न्हाई. हैद्राबादहून मागवावा लागंल. लय दिवस लागतात."

तात्यारावांनी अप्पांच्या तोंडाकडे एकवार बघितलं. मग त्यांनी सितारामचं मनगट सोडलं. "तुमी म्हणता म्हणून," ते म्हणाले.

अप्पांनी सेंडरची वायर जागेवर लावली आणि धुरपताबाईच्या हातून घागर घेतली. रेडिएटर भरलेलाच होता. त्यांनी पाणी जाळीवरून सावकाश खाली सोडलं.

गावात तात्याराव उतरले. अप्पांना मानवतला सोडायला जीप वळली, तरी दिनकरराव बसूनच राहिले. अप्पांनी ड्रायव्हरच्या सीटकडे नजर टाकली. तात्यारावांना थाप पचली, पण मालक आता एकट्यात खोदून विचारणार. सीटखाली हात घालून बघणार. मग सितारामचं काय?

वाडा आला. नाला अजून पुढं होता. गाडी कुठं आदळलीही नव्हती, तरी काटा लालवर गेला आणि सितारामनं ब्रेक दाबला.

'येड्या, मालक बसलेत शेजारी!' अप्पांच्या मनात आलं.

दिनकरराव खाली उतरले. त्यांनी सीटखालून पिठाची पिशवी ओढली आणि वाट बघत उभ्या असलेल्या धुरपताबाईच्या हातात दिली. तिनं उद्याच्या दळणाची ज्वारी पुढं केली. तीही त्यांनीच उचलून सीटखाली सारली. एवढा वेळ त्यांनी अप्पांच्या नजरेला नजर दिली नव्हती. आताही दिली नाही.

"ते बटण मीच बसवलंय, अप्पा," ते म्हणाले. "गावापुढं तोंड उघडायची हिंमत न्हाई माझ्यात. आन् जोडबी कच्चा हाय. तेवढा पक्का करून द्या."